बनसोडे भाऊसाहेबांची परवल

दुष्काळाच्या त्या वर्षी आमच्या गावातले मिशा पिळणारे, फेटे बांधणारे कर्ते पुरुष दर आठवड्याला सोसायटीच्या गोदामासमोर रांगेत उभे राहायचे. पाळी आली की खिडकीत तोंड घालून 'वाकडी बाभळ सात' असं काहीतरी पुटपुटायचे आणि त्यावर एक शिट्टी वाजवायचे. परगावचा पाव्हणा हे पहिल्यांदा बघायचा तेव्हा त्याला वाटायचं, उन्हानं गावाच्या डोक्यावर परिणाम झाला. तसं काही नव्हतं. गाव शहाणंच होतं. गावाला बनसोडे भाऊसाहेब लाभले होते, इतकंच.

भाऊसाहेब म्हणजे सोसायटीचे सचिव. आमच्याकडं तलाठ्यालाही भाऊसाहेब म्हणतात आणि ग्रामसेवकालाही. पण बेंबळीच्या पलीकडच्या आमच्या त्या गावात नुसतं 'भाऊसाहेब' म्हटलं की बनसोडेच. मी तिथं शाळेवर नवा मास्तर होतो. शाळेची आणि सोसायटीची भिंत एकच, त्यामुळं मला ते दिवसभर ऐकू यायचे आणि मधल्या सुट्टीत दिसायचे. उंच, वाळका देह, इस्त्रीचा पांढरा सदरा, पायजमा आणि काखेत काळी छत्री. आभाळातून थेंब पडत नव्हता त्या वर्षीही ही छत्री रोज कचेरीत यायची आणि रोज घरी जायची. गोदामाला कुलूप लावलं की ते ओढून बघायचे, चार पावलं जायचे आणि परत येऊन पुन्हा ओढायचे. "कुलपावर विश्वास न्हाय का, भाऊसाहेब?" असं मी एकदा विचारलं. म्हणाले, "कुलपावर हाय, गुरुजी. माझ्यावर न्हाय. लावताना माझं ध्यान तुमच्याकडं होतं."

शाळेची घंटा झाली की ते मनगटावरचं घड्याळ बघायचे आणि भिंतीपलीकडून ओरडायचे, "गुरुजी, घंटा बरोबर हाय!" जणू त्यांच्या मंजुरीशिवाय शाळा सुटलीच नसती. आणि खरं सांगायचं तर पोरं त्या आरोळीलाच उठायची.

त्या वर्षी सरकारी चाऱ्याचे ट्रक यायचे. चारा सोसायटीच्या गोदामात उतरायचा आणि ज्याची जेवढी जनावरं त्याला तेवढ्या पेंढ्या आठवड्याच्या आठवड्याला मिळायच्या. पण जनावरांचे मालक गावात होते कुठं? बायका-माणसं सगळी रस्त्याच्या कामावर खडी फोडायला जायची. तेव्हा ज्याचा चारा त्यानंच न्यावा हे जमण्यासारखं नव्हतं. कुणीतरी यायचं, "अमक्यानं सांगितलंय, त्याचा बी द्या" म्हणायचं आणि गाडीत पेंढ्या टाकून न्यायचं. हे 'कुणीतरी' पुष्कळदा धोंडिबा असायचा. धोंडिबा हा सोसायटीचे चेअरमन आबासाहेब यांच्या वाड्यावरचा माणूस. आणि त्या सालात सगळ्या शिवारात एकट्या आबासाहेबांच्या बैलांच्या अंगावर तुकतुकी होती.

एके दिवशी लिंबाजी नावाचा एक शेतकरी कामावरून येऊन खिडकीशी उभा राहिला.

"तुझा चारा गेला की," भाऊसाहेब म्हणाले. "सकाळीच तुझ्या भावानं नेला."

लिंबाजीनं डोक्यावरची पाटी खाली ठेवली. मग म्हणाला, "भाऊसाहेब, मला भाऊच न्हाय. समद्या बहिणीच हायत."

त्या दिवशी भाऊसाहेब जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशी चावडीपुढं दवंडी झाली: यापुढं प्रत्येक घरानं आपली एक परवल ठरवायची. परवल म्हणजे खुणेचा शब्द. तो ज्याला ठाऊक त्यालाच चारा. घरधन्याला स्वतः येता येत नसेल तर ज्याला पाठवायचा त्याला शब्द सांगून पाठवायचा. शब्द सचिवाच्या कानात सांगायचा. सचिव तो कुठंही लिहून ठेवणार नाही.

गावाला गंमत वाटली. संध्याकाळपर्यंत सगळ्यांचे शब्द आले. गावातल्या निम्म्याहून अधिक घरांची परवल निघाली 'खंडोबा'. अणदूरचं खंडोबाचं देऊळ जवळ, दुसरं सुचणार काय? उरलेल्यांची 'आई भवानी'. आणि भाऊसाहेबांच्या स्वतःच्या गल्लीतून, म्हणजे धर्मांतर केलेल्या घरांतून, एकमुखानं आलं 'जयभीम'.

भाऊसाहेबांनी सगळे शब्द परत केले. देवाचं नाव चालणार नाही, जयभीमही नाही.

गावात कुजबूज सुरू झाली. बनसोडे आता बौद्ध, त्यांना आमचे देव कशाला चालतील? चारदोन जाणती माणसं तावातावानं कचेरीत आली. तिथं त्यांच्या आधी भाऊसाहेबांचे सख्खे चुलते येऊन बसले होते आणि त्यांचा आवाज शाळेतसुद्धा ऐकू येत होता.

"तुला आता जयभीम बी चालंना व्हय रं? एवढा मोठा साहेब झालास?"

"काका, म्हणायला चालतंय. मी बी म्हणतो. पर परवलीला चालत न्हाय. जे समद्या गल्लीला ठाऊक, ते कुलूप कसलं?"

आलेली जाणती माणसं हे ऐकून दारातच थबकली. मग काकांशेजारी जाऊन बसली. गावातल्या दोन्ही बाजू एकाच बाकावर बसून एकाच माणसाला शिव्या देत आहेत, हे दृश्य मी त्या गावात तेव्हाच पाहिलं.

पुढं नियम वाढत गेले. स्वतःचं नाव नको, बायकोचं नको, पोराचं नको. मग लोकांनी बैलांची नावं दिली. तीही नकोत, कारण बैलाला रोज हाक मारताना ती सगळा गाव ऐकतो. शब्द आखूड नको. शब्दात एखादा आकडा हवा. लोकांनी शब्दामागं 'एक' लावला. दर पुनवेला परवल बदलायची असा नियम झाला तेव्हा लोकांनी 'एक'चा 'दोन' केला.

"राजा दोन," लिंबाजी खिडकीत म्हणाला. राजा हा त्याचा बैल. बैलाचं नाव नको म्हटलं तरी त्यानं ते सोडलं नव्हतं.

"म्हंजे तुझी पुढल्या पुनवेची परवल मला आजच ठाऊक झाली," भाऊसाहेब म्हणाले. "मग बदलली काय तू?"

"दोन केलं की, भाऊसाहेब!"

भाऊसाहेबांनी कपाळावर हात मारला. आणि दुसऱ्या दिवशी तो प्रसिद्ध नियम निघाला: परवलीत शब्द नसलेलंही काहीतरी पाहिजे. टाळी, टिचकी, शिट्टी, खोकला, काहीही, पण पाहिजेच. ऐकून चोरणाऱ्याला शब्द चोरता येतो, शिट्टी नेमकी कुठं घालायची ते त्याला कळत नाही, असं त्यांचं म्हणणं. त्यातून सुरुवातीला सांगितलेला तो देखावा सुरू झाला. पोलीस पाटील टिचक्या वाजवू लागले. एका आब राखून असलेल्या बाईंना जिभेनं 'टॉक' करावं लागे, त्या पदर तोंडावर घेऊन करायच्या. गंगाराम नावाच्या म्हाताऱ्यानं खोकला निवडला होता. त्याला दमा होता आणि कडब्याच्या धुळीनं तो नको तिथंही खोकायचा. भाऊसाहेब शांतपणे म्हणायचे, "चुकली. मधला खोकला परवलीत न्हाय."

"अवो, त्यो खोकला माझा न्हाय, दम्याचा हाय!"

"ते मला हितनं कसं कळावं?"

तीनदा चुकलं की खिडकी बंद, पुढच्या आठवड्याला या. हाही नियमच.

भाऊसाहेबांना या सगळ्याचा भारी अभिमान होता. त्यांनी परवल स्वतःच्या घरीही नेली. त्यांच्या पत्नी कमलबाई शांत बाई. "बरं," म्हणाल्या. त्यांनीच शब्द ठरवला आणि नवऱ्याला सांगितला. दोन दिवसांनी भर दुपारी शाळेतून घरी जाताना मी बघतो तर भाऊसाहेब स्वतःच्या दारापुढं छत्री उघडून उभे.

"काय झालं?"

"परवल आठवंना," ते हळूच म्हणाले.

आतून कमलबाईंचा आवाज आला, "गुरुजी, तुम्ही मधे पडू नका. तीनदा चुकलेत."

मी हसत घरी गेलो. सगळा गाव हसला. पण हसण्यासारखं फार दिवस राहिलं नाही.

जनाबाई नावाची एक विधवा बाई होती. एकटी, घरी एक गाय. दिवसभर खडी फोडायची. भाऊसाहेबांच्या नियमात बसवायचं म्हणून तिनं कुणाच्या तरी सांगण्यावरून शिट्टीची परवल घेतली होती. तिचे पुढचे दात गेलेले. शिट्टी कधी वाजायची, कधी नुसती हवा यायची. एका आठवड्याला हवा आली. तीनदा हवाच आली.

"पुढल्या आठवड्याला या, जनाबाई," भाऊसाहेब म्हणाले.

"भाऊसाहेब, मला वळखीत न्हाय व्हय तुम्ही?"

"वळखतो. पर आज तुम्हाला वळखून दिलं तर उद्या धोंडिबाला बी वळखूनच द्यावं लागंल."

ती रिकामा दोर घेऊन गेली. भांडली असती तर बरं झालं असतं. रांगेतल्या कुणीही तिची बाजू घेतली नाही; प्रत्येक जण आपापली शिट्टी मनात घोकत होता. मीही वऱ्हांड्यातून ऐकत होतो.

त्या आठवड्यातच जनाबाईची गाय बसली. दुष्काळात बसलेलं जनावर सहसा उठत नाही. लोक जमले, पोटाखाली बांबू घालून उचलायला लागले. कुणीतरी कचेरीत सांगितलं. भाऊसाहेब आले, गाईकडं बघितलं, जनाबाईकडं बघितलं नाही आणि तसेच माघारी फिरले. लोकांना वाटलं, गेला. थोड्या वेळानं ते रस्त्यानं येताना दिसले. स्वतःच्या म्हशीपुढचा चारा उपसून त्यांनी भारा बांधला होता आणि तो डोक्यावर घेतला होता. इस्त्रीच्या सदऱ्यावर कुसळं, छत्री कुठंच नाही. अंगणात भारा टाकला आणि स्वतः बांबूला खांदा लावला.

गाय उठली. दोन दिवस लागले, पण उठली. त्या दोन दिवसांत कचेरी उघडी होती आणि भाऊसाहेब जनाबाईच्या अंगणात होते, असं त्या माणसाच्या नोकरीत पूर्वी कधी झालं नसावं.

दुसऱ्या दिवशी मी गाईला बघायला गेलो होतो. भाऊसाहेब दगडावर बसले होते. म्हणाले, "जनाबाई, माझं चुकलं. मी असली परवल करायला लावली, जी चोराला बी येऊ नये आन् धन्याला बी येऊ नये. आता एक करा. शिट्टी सोडा, आकडा सोडा. तुम्हाला जे काय केल्या इसरता येत न्हाय, पर दुसऱ्या कुणाला सुचायचं न्हाय, असं काय हाय का?"

जनाबाई गाईच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. "हाय की," ती म्हणाली.

"मग ते समदं नगं. त्यातल्या तीन-चार वस्तू उचला, एकापुढं एक ठिवा, आन् माझ्या कानात सांगा."

तिनं सांगितलं. सांगायला फार वेळ लागला नाही, पण ऐकून झाल्यावर भाऊसाहेब बराच वेळ तसेच कान पुढं करून बसले होते. मग उठून ते हौदाकडं गेले आणि तोंड धुऊन आले. हौदात पाणी नव्हतं हे त्यांना तिथं गेल्यावर कळलं असावं, कारण तोंड कोरडंच होतं. डोळे तेवढे ओले होते.

त्यानंतर गावातले सगळे नियम रद्द झाले आणि हा एकच उरला. गाव सुटकेचा निःश्वास टाकून कामाला लागलं. लिंबाजीनं आपली परवल पुढं बऱ्याच दिवसांनी, ती जुनी झाल्यावर, मला आपणहून सांगितली: 'आंधळी कोंबडी, मामाचं लगीन, ओलं धोतर.' मामाच्या लग्नात नक्की काय झालं ते मात्र सांगितलं नाही. अशी परवल कुणी विसरलं नाही आणि कुणाला चोरताही आली नाही. धोंडिबानं पुष्कळ डोकं खाजवलं; पण दुसऱ्याच्या मामाच्या लग्नातली कोंबडी त्याला कशी सुचावी? त्याची गाडी रिकामी परत जाऊ लागली. आबासाहेबांच्या बैलांची तुकतुकी उतरली आणि मग आबासाहेब स्वतः कचेरीत आले.

"बनसोडे, सगळ्या परवली मला सांगून ठेवा. उद्या तुमचं काही बरंवाईट झालं तर सोसायटी अडून बसायची."

"मला काय झालं तर लोक नवीन करतील, आबासाहेब. त्याला येळ लागत न्हाय."

आबासाहेब हसले. "तुमचे वडील आमच्या वेशीवर बसायचे. आठवतंय ना? राखण तुमच्या रक्तातच आहे म्हणायची."

भिंतीपलीकडं मी पोरांना पाढे म्हणायला लावले होते, ते थांबवले.

"वडील भाकरीवर राखायचे, मी पगारावर राखतो," भाऊसाहेब म्हणाले. आवाज चढलेला नव्हता. "आन् वडिलांना तुम्हाला अडवायचा अधिकार नव्हता."

महिन्याभरात तक्रार गेली आणि तालुक्याहून चौकशीला साहेब आले. साहेब आले की जेवण आबासाहेबांच्या वाड्यावर असायचं, ते तसं ठरलं होतं. वाड्यातून फोडणीचे वास सकाळपासून गावभर फिरत होते. चौकशी शाळेच्या वऱ्हांड्यात बसली. साहेबांनी भाऊसाहेबांना विचारलं, "गोपनीय शब्दांची यादी कुठं आहे?"

"यादीच न्हाय, साहेब."

"असं कसं? गोपनीय गोष्टीची नोंद तीन प्रतींत पाहिजे. एक तालुक्याला, एक चेअरमनला आणि एक फलकावर."

"फलकावर लावली तर गोपनीय कशी ऱ्हाईल?"

"ती गोपनीय आहे असं वर लिहायचं," साहेब म्हणाले.

भाऊसाहेबांनी हात जोडले. "शब्द ज्याचा त्याचा हाय. माझा न्हाय. तुम्हाला पाहिजे तर ज्याला त्याला इचारा."

साहेबांना हा उद्धटपणा वाटला. त्यांनी सभासदांना एकेक करून बोलवायचं फर्मान सोडलं. पहिली पाळी जनाबाईची आली.

"मोठ्यानं सांगायची न्हाय ती, साहेब," जनाबाई म्हणाली. "कान इकडं करा. आन् नुसता शब्द कळायचा न्हाय तुम्हाला, समदंच ऐकावं लागंल."

साहेबांनी नाइलाजानं कान पुढं केला. ती बोलत होती आणि मधेच तिनं एकदा वाड्याकडं बोट केलं. सांगून झाल्यावर पदर सावरून ती खाली उतरली. साहेबांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. मग पुढचा आला, त्याच्या मागं आणखी एक. माणसाला काय केल्या विसरता येत नाही अशा गोष्टी गावात बऱ्याच असतात. आमच्या गावात त्यातल्या पुष्कळ एकाच घराशी जाऊन पोचत होत्या, हे साहेबांना त्या दिवशी कळलं. कुणी काय सांगितलं ते मला ठाऊक नाही. मला फक्त साहेबांचा चेहरा दिसत होता. निम्मी रांग शिल्लक असताना त्यांनी हात वर केला. "पुरे," म्हणाले.

आबासाहेब जेवायला बोलवायला स्वतः आले होते. साहेब म्हणाले, "आज पोट ठीक नाही," आणि जीपमध्ये बसून निघून गेले. गावाला वाटलं, आपण जिंकलो. लिंबाजीनं तर बैलाच्या शिंगांना रंग दिला.

अहवाल यथावकाश आला. त्यात लिहिलं होतं, की चारावाटपाची पद्धत समाधानकारक व अनुकरणीय आहे. तथापि प्रशासकीय सोयीसाठी सचिवांची बदली करण्यात येत आहे.

जाण्याच्या दिवशी भाऊसाहेब घरोघर फिरले. निरोप घ्यायला नाही, तर "माझ्याजवळची परवल आता जुनी धरा, नवीन करा" हे सांगायला. जनाबाई दारात उभी होती. म्हणाली, "माझी मी बदलत न्हाय, भाऊसाहेब. तुमच्याजवळ ऱ्हाऊ द्या." त्यांनी छत्री या काखेतून त्या काखेत घेतली आणि ते स्टँडकडं वळले. एसटीत चढताना कंडक्टरनं छत्रीला हात लावला, त्याला ते रागावले, इतकंच मला दिसलं.

नवे सचिव मनमिळाऊ होते. त्यांनी सगळ्या गावाला मिळून एकच सोपी परवल ठेवली आणि कुणी विसरू नये म्हणून ती गोदामाच्या भिंतीवर चुन्यानं मोठ्या अक्षरांत लिहून घेतली. आबासाहेबांचे बैल पुन्हा तुकतुकीत झाले. पुढच्या साली पाऊस पडला आणि तो विषय मिटला.

त्यानंतर बऱ्याच वर्षांनी माझी बदली लोहारा तालुक्यात झाली. एकदा लोहाऱ्यातल्या एका बँकेत मी कामासाठी गेलो, तर काउंटरवर एक ओळखीची पाठ दिसली. भाऊसाहेबच. निवृत्त होऊन तिकडंच एका खेड्यात मुलाजवळ राहात होते. हाताला कंप सुटला होता. समोर नवीन लागलेली एक मुलगी होती.

"आजोबा, सही जुळत नाही," ती म्हणत होती.

त्यांनी पुन्हा केली. तीही जुळली नाही. नाव बरोबर होतं, पण अक्षरं वाऱ्यावर हलावीत तशी हलत होती.

मी पुढं झालो. "मी यांना ओळखतो. हे बनसोडेच."

"तुम्ही कोण?"

"मी शिक्षक आहे."

"तुमचं खातं आहे इथं?"

"नाही."

"मग तुम्हाला इथं कोण ओळखतं?"

मला संताप आला. मी काही बोलणार, तोच भाऊसाहेबांनी माझा दंड धरला. मी त्यांच्याकडं बघितलं. इतका प्रसन्न चेहरा त्यांचा मी कधीच पाहिला नव्हता.

"चिडू नका, गुरुजी. पोरगी बरोबर करायलीय." मग काउंटरवर वाकून तिला म्हणाले, "बाई, असंच करायचं. कुणी किती बी गयावया केली तरी सोडायचं न्हाय."

ती ओशाळली. "आजोबा, मॅनेजर जेवायला गेलेत. आले की फोटो बघून करून देते. बसा ना."

"छे छे. सही जुळत न्हाय म्हंजे न्हाय. मी उद्या येतो सराव करून."

बाहेर आम्ही चहा घेतला. कमलबाई गेल्याचं त्यांनी सांगितलं. गावातल्या एकेकाची नावानिशी चौकशी केली. तेवढ्यात त्यांच्या गावाकडं जाणारी जीप भरत आली आणि मी त्यांना मागच्या बाकावर चढवून दिलं. दोन्ही बाजूंनी माणसं दाटून बसली होती, कुणाच्या तरी कोंबड्या पायांशी फडफडत होत्या. जीप हलली. मागच्या उघड्या बाजूनं ते मला बराच वेळ दिसत होते. खाली मान घालून, मांडीवर बोटानं सही गिरवत होते. एकदा पूर्ण केली, बघितली, मान हलवली. पाटी पुसावी तशी तळहातानं मांडी पुसली आणि पहिल्या अक्षरापासून पुन्हा सुरुवात केली.